स्वतःच्याच सभेत स्वतःच्याच माणसाला गप्प करणारे नेते

जर्सीचा_काका
रिपब्लिकन पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार जॉन मॅकेन, त्याचा तो 2008 चा व्हिडिओ दर इलेक्शनला नव्याने फिरतो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 10 ऑक्टोबर 2008, मिनेसोटातलं लेकव्हिल, एका शाळेत मॅकेनची सभा. मतदानाला महिनासुद्धा उरलेला नाही, ओबामा पुढे चाललाय आणि समोरची पब्लिक पेटलेली. एक बाई माईक हातात घेऊन म्हणते, मला ओबामाचा भरवसा नाही, मी त्याच्याबद्दल वाचलंय, तो अरब आहे. मॅकेन मान हलवत माईक तिच्या हातून काढून घेतो आणि सांगतो की नाही मॅडम, तो सज्जन आहे, घरसंसार सांभाळणारा माणूस आहे, या देशाचा नागरिक आहे, माझे त्याच्याशी मतभेद आहेत आणि हे इलेक्शन त्या मतभेदांवरच आहे. त्याच सभेत दुसऱ्या एकाला तो म्हणाला की ओबामा राष्ट्राध्यक्ष झाला तरी घाबरायचं कारण नाही, तर त्याच्याच लोकांनी हुर्यो उडवली.

आता यातली खोट बघा. ती म्हणते अरब, हा म्हणतो नाही, सज्जन आहे. म्हणजे अरब असता तर सज्जन नसता का काय? नऊ दिवसांनी, 19 ऑक्टोबरला, कॉलिन पॉवेलने टीव्हीवर नेमकं यावरच बोट ठेवलं. पॉवेल पण रिपब्लिकन, बुशचा परराष्ट्रमंत्री राहिलेला. तो म्हणाला, ओबामा मुस्लिम नाही हे बरोबर उत्तर आहे, पण खरं उत्तर असं की असता तर काय बिघडलं? सात वर्षांच्या अमेरिकन मुस्लिम पोराने राष्ट्राध्यक्ष व्हायचं स्वप्न बघायचं नाही का? आणि मग त्याने आर्लिंग्टन स्मशानभूमीतल्या एका फोटोबद्दल सांगितलं, करीम रशाद सुलतान खान या सैनिकाच्या थडग्याला डोकं टेकून बसलेली आई आणि दगडावर चांदतारा. पोरगा आमच्या न्यू जर्सीचा, 9/11 ला 14 वर्षांचा होता, मोठा होऊन फौजेत गेला आणि विशीत इराकमध्ये मारला गेला.

हे दोघं मला लक्षात राहिले कारण दोघांनी आपल्याच बाजूच्या लोकांना सुनावलं. इफ्तारला जाऊन गोड बोलणं सोपं असतं. विरोधी पक्षाने केलेला निषेध तर फुकट असतो, त्यात त्याचं काय जातंय. आपल्याच सभेत, टाळ्या देणाऱ्या माणसाला, मतदानाच्या तोंडावर नाही म्हणणं, अशी उदाहरणं सांगा. इकडची तिकडची कुठलीही चालतील, आपल्या महाराष्ट्रातली असतील तर उत्तमच.

झकास_झंप्या
आलोच चहा घेऊन. तोपर्यंत कुणी कुणाचे आयडी काढू नका.

पोटोमॅककाठचा
काका, बुशला विसरलात. 9/11 नंतर सहाव्या दिवशी, 17 सप्टेंबर 2001 ला, तो वॉशिंग्टनच्या इस्लामिक सेंटरमध्ये बूट काढून गेला आणि इस्लाम म्हणजे शांतता असं बोलला. तो आठवडा कसा होता हे इथे राहिलेल्यांना विचारा, दोनच दिवस आधी अॅरिझोनातल्या मेसा गावात बलबीरसिंग सोढी नावाच्या शीख माणसाला त्याच्याच पेट्रोल पंपावर मुसलमान समजून गोळी घातली होती. आमच्याकडे तेव्हा बरीच देशी मंडळी गाडीवर अमेरिकेचा झेंडा लावून फिरत होती. त्यामुळे राष्ट्राध्यक्ष स्वतः मशिदीत जाऊन उभा राहतो याचा फरक पडला, निदान पुढचे काही महिने तरी.

पण त्याच बुशच्या सरकारने 2002 मध्ये स्पेशल रजिस्ट्रेशन आणलं. 25 देशांच्या पुरुषांनी ऑफिसात जाऊन बोटांचे ठसे द्यायचे, आणि त्यातले उत्तर कोरिया सोडले तर बाकी सगळे मुस्लिमबहुल देश. भाषण एक आणि सर्क्युलर दुसरंच. म्हणून मी भाषणाला अर्धेच मार्क देतो.

जर्सीचा_काका
बरोबर आहे. तरी ते अर्धे मार्क शून्य नाहीत हो. त्याच पक्षाच्या सभेत 17 सप्टेंबर 2015 ला काय झालं बघा, तारीख पण तीच. न्यू हॅम्पशायरमधलं रॉचेस्टर. एक जण उठून ट्रम्पला म्हणतो की या देशाला एक प्रॉब्लेम आहे, त्याचं नाव मुस्लिम, आपला राष्ट्राध्यक्ष पण त्यातलाच. ट्रम्प हसला, हा प्रश्न हवाच होता म्हणाला आणि शेवटी आम्ही हे सगळं बघू असं म्हणून पुढे गेला. माईक त्याच्याही हातात होता की. तीन महिन्यांत, 7 डिसेंबरला, मुसलमानांना अमेरिकेत पूर्ण बंदी करा अशी मागणी त्याने स्वतःच केली. पॉल रायन तेव्हा सभागृहाचा स्पीकर, तो म्हणाला ही आमच्या पक्षाची विचारसरणी नाही, छान बोलला, आणि पुढच्या जूनमध्ये पाठिंबा देऊन मोकळा झाला.

स्पष्टच_बोलतो
एक बेसिक प्रश्न. हे सगळं फक्त मुस्लिमविरोधी बोलण्याबद्दलच का? हिंदूंबद्दल कोणी बोललं की अशा धाग्यांवर सन्नाटा असतो. अकबरुद्दीन ओवेसी 2012 च्या डिसेंबरात निर्मलला 15 मिनिटं पोलीस हटवा म्हणाला होता, तेव्हा त्याच्या पक्षाच्या अध्यक्षाने, म्हणजे सख्ख्या भावाने, त्याच्या हातून माईक काढून घेतला का? पक्षातून काढलं का? नाही. अकबरुद्दीन तेलंगणा विधानसभेत त्यांच्या पक्षाचा गटनेता आहे, 2023 च्या डिसेंबरात तर नव्या विधानसभेचा हंगामी अध्यक्ष झाला. तुमची ती कसोटी आहे ना, आपल्या माणसाला नाही म्हणायची, ती सगळ्यांना लावा.

पोटोमॅककाठचा
व्हॉटअबाउटरी सुरू, म्हणजे 'मग त्यांचं काय'.

काळा_कोट
नाही, व्हॉटअबाउटरी नाही ही, रास्त मुद्दा आहे. त्या भाषणाबद्दल अकबरुद्दीनला जानेवारी 2013 मध्ये अटक झाली, जेलमध्ये राहिला आणि एप्रिल 2022 मध्ये हैदराबादच्या स्पेशल कोर्टाने सोडला. म्हणजे पोलीस हलले, कोर्टात केस चालली, पण पक्ष हलला नाही. काकांची कसोटी लावली तर एमआयएम नापास, यात वाद नाही. फक्त दुसरा नापास झाला म्हणून पहिल्याचे मार्क वाढत नाहीत एवढं लक्षात ठेवा.

स्पष्टच_बोलतो
चला, एवढं तरी कोणी मान्य केलं इथे.

निरेचा_नंदू
महाराष्ट्राचं विचारताय तर 2024 ची विधानसभा आठवा. बटेंगे तो कटेंगे ही योगींची घोषणा, ऑगस्टमध्ये आग्र्याला दिलेली, ती नोव्हेंबरात आपल्याकडे होर्डिंगवर आली. तेव्हा महायुतीतूनच तीन आवाज निघाले. अजितदादा म्हणाले हे युपीत चालत असेल, महाराष्ट्रात चालणार नाही, हा शिवाजी महाराज, शाहू, फुले, आंबेडकरांचा महाराष्ट्र आहे. पंकजाताई म्हणाल्या माझं राजकारण वेगळं आहे, आपल्याच पक्षाची घोषणा आहे म्हणून मी पाठिंबा देणार नाही, हा विषय महाराष्ट्रात आणायची गरज नाही. अशोक चव्हाणांना पण ती घोषणा रुचली नव्हती. भर प्रचारात, तिकिटं वाटून झाल्यावर, मोदीजी धुळ्यात एक हैं तो सेफ हैं म्हणत असताना! मॅकेनच्या जवळ जाणारं याहून दुसरं उदाहरण मला तरी आपल्याकडे सापडत नाही.

सांगलीचा_पैलवान
नंदूशेठ जरा हळू. पंकजाताईंनी नंतर मी तसं म्हणालेच नव्हते, मोडतोड करून छापलं असा खुलासा केला होता, तो पण लिहा की. आणि फडणवीसांनी काय उत्तर दिलं? की अजितदादा इतकी वर्षं सेक्युलर म्हणवणाऱ्या हिंदूविरोधी लोकांबरोबर राहिलेत, त्यांना जनतेचा मूड कळायला वेळ लागेल. म्हणजे युतीच्या आत एक जण नको म्हणतोय, दुसरा त्याला समजावतोय आणि मतदार दोघांनाही एकाच बटणाने मत देतोय. 23 नोव्हेंबरला भाजप 132, दादा 41. मला तर शेतात दोघं भाऊ वेगवेगळ्या पिकाला पाणी देतात आणि मोटर एकच असते तसं वाटतं ते सगळं. ज्याला घोषणा हवी त्याला घोषणा मिळाली, ज्याला दिलासा हवा त्याला दिलासा. नुकसान कोणाचं झालं?

निरेचा_नंदू
मग करायचं काय माणसाने, युती सोडायची? नको म्हणाला तर म्हणता नाटक, गप्प बसला तर म्हणता सामील.

सांगलीचा_पैलवान
युती सोडा म्हणत नाही. घरातलं बघा म्हणतोय. ऑक्टोबर 2025, सोलापूरचा मोर्चा, दादांच्याच पक्षाचे नगरचे आमदार संग्राम जगताप स्टेजवरून सांगतात की दिवाळीची खरेदी फक्त हिंदूंच्या दुकानातून करा. इथे भाजप नाही, योगी नाही, ज्याला आपण एबी फॉर्म दिला तो माणूस. दादा म्हणाले वक्तव्य साफ चुकीचं आहे, पक्षाला मान्य नाही, आणि नोटिशीची घोषणा केली. निलंबनाची नाही केली. त्याच वर्षी मार्चमध्ये, नागपूरच्या दंगलीनंतर चारच दिवसांनी, मुंबईतल्या इफ्तारला मुस्लिम बांधवांकडे कोणी डोळे वटारून बघेल त्याला सोडणार नाही असं म्हणाले होते. सोडणार नाहीचा अर्थ नोटीस असा निघाला शेवटी.

निरेचा_नंदू
नोटीस तरी दिली! बाकीच्या पक्षांत असं बोललं की मंत्रिपद मिळतं.

सांगलीचा_पैलवान
हे मात्र खरंय 😀

मिरकरवाडा
बरेच दिवस नुसता वाचतोय इथे, आज लिहितो. मी रत्नागिरीचा, कोकणी मुसलमान, घरात कोकणी, शाळा मराठी. तुम्ही सगळे नेता कोणासमोर बोलला ते मोजताय. आमच्याकडे ते भाषण पोचतं ते वेगळ्याच वाटेने, टीव्हीवर नाही, मोबाईलवर. असं काही कोणी बोललं की दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज येतो की अमक्याकडून घेऊ नका. आमचा आंब्याचा धंदा आहे म्हणून सांगतो, बाग असते कुळकर्ण्यांची नाहीतर भंडाऱ्यांची, आम्ही ती मोहोराच्या वेळी करारावर घेतो, राखणीला आणि काढणीला नेपाळी, पेटी भरणाऱ्या गावातल्या बायका, गाडी कोणाची तरी तिसऱ्याचीच, आणि वाशीला माल उतरला की दलाल कोण असेल सांगता येत नाही. आता यातला कोणाचा आंबा हिंदू आणि कोणाचा मुसलमान ते त्या मेसेजवाल्याने मला पेटी बघून सांगावं. आमच्याकडून नाही घेतला तर पहिला फोन बागवाल्याचाच येतो, यंदा हप्ता उशिरा का म्हणून.

तर नेत्याने उत्तर द्यावं का, द्यावंच. पण बांधव बांधव म्हणून आमच्यापुढे येऊन नको. आम्हाला काय सांगतो, आम्हाला माहितीय आम्ही कोण ते. ज्या स्टेजवर ते बोललं गेलं त्याच गावात, त्याच मैदानात, तीच पब्लिक समोर असताना सांगावं की हे चुकीचं आहे, दुकान बघून खरेदी करा, नाव बघून नको. आणि हे दुसऱ्या दिवशी झालं पाहिजे, आठ दिवसांनी मुंबईत प्रेस घेऊन नाही. आठ दिवसांत आंबा पिकून सडतो.

जर्सीचा_काका
मिरकरवाडा, लिहिलंत ते फार बरं केलंत. त्याच मैदानात आणि दुसऱ्या दिवशी, या दोन अटी माझ्या मूळ पोस्टमध्ये नव्हत्या, त्या आता धरून चालू.

मेलबर्नवाली
दुसऱ्या दिवशीवरून आठवलं. 15 मार्च 2019, क्राइस्टचर्च, दोन मशिदींत 51 माणसं गेली. जसिंडा अर्डर्न त्याच दिवशी म्हणाली की यातले बरेचजण बाहेरून आलेले असतील, पण ते म्हणजे आपणच. मारेकऱ्याचं नाव मी घेणार नाही म्हणाली. डोक्यावरून ओढणी घेऊन लोकांना भेटली तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय. पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे की महिन्याच्या आत, 10 एप्रिलला, संसदेत बंदुकांचा कायदा 119 विरुद्ध 1 असा पास झाला.

आणि आमच्या इकडचं सांगते. त्याच दिवशी क्वीन्सलंडचा सिनेटर फ्रेझर अॅनिंग याने पत्रक काढलं की हे मुस्लिमांना देशात येऊ दिल्यामुळे झालं. मृतदेह अजून मशिदीत होते हो. 3 एप्रिलला सिनेटने त्याच्या निषेधाचा ठराव केला, तो सरकारी पक्षाचा नेता मथायस कॉर्मन आणि विरोधी पक्षाची पेनी वाँग या दोघांनी मिळून आणला होता. कायद्याने अशा ठरावाला काही अर्थ नसतो, सीट जात नाही. पण दोन्ही बाकांवरून एकच वाक्य आलं, त्यामुळे कोणाला हे आमचं ते तुमचं करता आलं नाही. अवांतर: या गृहस्थांना स्वतःच्या नावावर पडलेली मतं होती 19! पक्षाच्या यादीतला आधीचा माणूस अपात्र ठरला म्हणून हे सिनेटमध्ये. मे महिन्यात लोकांनी घरी पाठवला.

स्पष्टच_बोलतो
न्यूझीलंडची लोकसंख्या किती आणि आपली किती. तिथे 51 गेले म्हणून सगळे एक झाले, आपल्याकडे 26/11 ला 166 गेले तेव्हा कोणत्या मुस्लिम नेत्याने दुसऱ्या दिवशी मैदानात येऊन सांगितलं?

मिरकरवाडा
मुंबईच्या मुस्लिम संस्थांनी त्या नऊ अतिरेक्यांना बडा कब्रस्तानात जागा द्यायला नकार दिला होता. मरीन लाइन्सचं कब्रस्तान. प्रेतं वर्षभराहून जास्त दिवस शवागारात पडून होती. मैदानात बोलणं सोपं आहे, जनाज्याला जागा नाकारणं ही आमच्यात काय गोष्ट असते ते कोणालाही विचारा.

स्पष्टच_बोलतो
हे वाचलं होतं तेव्हा. मान्य.

झकास_झंप्या
आज या धाग्यावर दोन वेळा मान्य झालंय. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

क्वीन्सची_ठमी
न्यूयॉर्कमधून. ऑक्टोबर 2025 मध्ये आमच्याकडे उलटंच झालं, ज्याच्यावर बोललं गेलं त्यालाच उत्तर द्यावं लागलं. महापौरपदाचा मुस्लिम उमेदवार ममदानी, त्याच्याबद्दल रेडिओवर होस्ट म्हणाला की उद्या दुसरं 9/11 झालं तर तो टाळ्या वाजवेल. समोर त्याचा प्रतिस्पर्धी अँड्र्यू कुओमो, माजी गव्हर्नर, तो हसला आणि म्हणाला की तो अजून एक प्रॉब्लेम आहे. दुसऱ्या दिवशी ममदानी ब्राँक्समधल्या मशिदीबाहेर उभा राहिला आणि बोलताना त्याचा आवाज भरून आला. राजकारणात आल्यावर धर्म बाजूला ठेवून, नुसता सगळ्यांचा उमेदवार म्हणून राहिलो तर हे थांबेल असं मला वाटलं होतं, तसं होत नाही, असं काहीसं तो बोलला. 4 नोव्हेंबरला जिंकला तो.

मला विचाराल तर तिथे मशिदीबाहेर त्याने नाही, रेडिओच्या त्या खोलीत कुओमोने बोलायला हवं होतं. माईक समोर होता, अर्धं वाक्य पुरलं असतं. हसणं हे पण उत्तरच असतं, नाही का?

पोटोमॅककाठचा
ब्रिटनमध्ये निदान निलंबन तरी झालं होतं. ली अँडरसन, हुजूर पक्षाचा खासदार, फेब्रुवारी 2024 मध्ये म्हणाला की इस्लामवाद्यांनी लंडनचा महापौर सादिक खान ताब्यात घेतलाय. माफी मागायला नकार दिला म्हणून संसदीय पक्षातून निलंबित. पंतप्रधान सुनक म्हणाले चुकीचं बोलला, पण मुस्लिमद्वेष हा शब्द काही तोंडातून निघाला नाही. मार्चमध्ये अँडरसन रिफॉर्म पक्षात गेला, तिथे त्याचं स्वागतच झालं.

सांगलीचा_पैलवान
बघा, काढलं तरी दुसरं दुकान उघडं असतंय. भाजपच्या प्रवक्त्या नूपुर शर्मांचं पण आठवा. 26 मे 2022 ला टीव्हीवर पैगंबरांबद्दल बोलल्या, 5 जूनला निलंबन, त्याच दिवशी कतार, कुवेत, इराणने आपल्या राजदूतांना बोलावून जाब विचारला. मधले दहा दिवस देशातलेच लोक ओरडत होते, तेव्हा काही हललं नाही.

निरेचा_नंदू
वकीलसाहेब, मग कायद्याने काय होतं ते तरी सांगा. सुप्रीम कोर्टाने काहीतरी आदेश दिला होता ना?

काळा_कोट
दिला होता. ऑक्टोबर 2022 मध्ये दिल्ली, युपी, उत्तराखंडला, आणि 28 एप्रिल 2023 ला सगळ्या राज्यांना, की द्वेषाचं भाषण झालं तर कोणी तक्रार करायची वाट न बघता पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवायचा, बोलणारा कुठल्याही धर्माचा असो, टाळाटाळ केली तर कोर्टाचा अवमान. आधीची 153अ म्हणजे आता न्याय संहितेत 196. एफआयआर त्यामुळे बऱ्याचदा होतो, पेपरात बातमी पण येते, आणि सगळ्यांना वाटतं झालं काम.

पण खरी मेख पुढे आहे आणि या धाग्याचा विषय पण मला तिथेच दिसतो. या कलमाखाली कोर्टाने दखल घ्यायची तर सरकारची परवानगी लागते. आधी सीआरपीसी 196, आता नागरिक सुरक्षा संहिता 217. म्हणजे ज्या सरकारचा मंत्री माईकसमोर सोडणार नाही म्हणतो, त्याच सरकारच्या गृहखात्यातून फाईलवर सही होऊन यावी लागते. माईकवरचं सगळ्यांना दिसतं, सहीचं कोणी विचारत नाही.

आपल्याकडचं मोठं उदाहरण द्यायचं तर 92-93 च्या दंगलीतल्या सामनाच्या अग्रलेखांचं. परवानगी मिळाली 2000 मध्ये, भुजबळ गृहमंत्री असताना. जुलै 2000 ला बाळासाहेबांना अटक, मुंबई ठप्प, आणि भोईवाड्याच्या मॅजिस्ट्रेटने त्याच दिवशी केस संपवली, कारण मुदत उलटून गेलेली. तीन वर्षं शिक्षेच्या गुन्ह्याला दखल घ्यायची मुदत पण तीनच वर्षं असते. मधल्या काळात काँग्रेसचं सरकार होतं, युतीचं होतं, मग आघाडीचं आलं. यातल्या प्रत्येकाने या काळात भाषणं केलीच असतील की.

त्याउलट विलेपार्ल्याची 1987 ची पोटनिवडणूक घ्या. तिथे सरकारच्या परवानगीचा प्रश्नच नव्हता, निवडणूक याचिका होती, हरलेल्या उमेदवाराने केलेली. प्रचारात बाळासाहेबांनी धर्माच्या नावावर मतं मागितली म्हणून हायकोर्टाने 1989 मध्ये जिंकलेल्या रमेश प्रभूंची निवड रद्द केली, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 1995 मध्ये ते कायम केलं आणि पुढे बाळासाहेबांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. वेळ लागला पण शेवटाला गेली केस.

मिरकरवाडा
म्हणजे मंत्र्याला विचारायचं काय, की निषेध केला का ते नको, सही केली का ते सांगा?

काळा_कोट
हो. आणि प्रस्ताव पोलिसांकडून कोणत्या तारखेला आला ते पण विचारा, माहिती अधिकारात अर्ज टाकून. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो.

झकास_झंप्या
दहा रुपये मी देतो. अर्जाचा मसुदा टाका इथे वकीलसाहेब.